बर्फाच्या डब्यातली गाठ

माझी थोरली बहीण कुळगावच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली. तिच्या स्तनातली गाठ काढल्यावर जो रिपोर्ट आला, तो तिने उत्तरपत्रिका तपासावी तसा वाचला. हार्मोनला दाद देणारं प्रथिन: आठपैकी आठ.

"पैकीच्या पैकी मी कधी कुणाला दिले नाहीत," ताई म्हणाली.

पेशींच्या वाढीचा वेग सांगणारा आकडा कमी होता आणि तो कमीच बरा, असं डॉक्टर म्हणाले.

"इथे जास्त चांगले, तिथे कमी चांगले. हा पेपर काढला कोणी?"

अडलं ते हर-टू नावाच्या प्रथिनापाशी. तीनपैकी दोन. "म्हणजे पास!" दाजींनी जाहीर केलं. ते चिखलोलीतल्या आमच्या सोसायटीचे अध्यक्ष आहेत. कुठल्याही विषयावर दोन शब्द बोलण्याची त्यांना सवय आहे.

डॉक्टरांनी समजावलं: दोन म्हणजे पासही नाही, नापासही नाही. त्याच गाठीची आणखी एक तपासणी करायची. हर-टू निघालं, तर केमो आणि वर्षभर इंजेक्शनं. नाही निघालं, तर नुसत्या गोळ्या.

ताईचा हात वेणीवर गेला.

गाठीचा मेणात बसवलेला तुकडा उल्हासनगरच्या लॅबमधून घेऊन अंबरनाथच्या केंद्रात द्यायचं काम माझ्याकडे आलं. मे महिना होता. मेण वितळलं तर? मी ताईचाच पापलेट आणायचा डबा धुतला, बर्फाने भरला आणि रिक्षात मांडीवर घेऊन निघालो. लॅबच्या काउंटरवर झाकण उघडलं, तेव्हा तिथले सिंधी गृहस्थ आधी डब्याकडे, मग माझ्याकडे पाहत राहिले.

"साईं, ये मोम है, कुल्फी नहीं."

आगपेटीहून लहान तो ठोकळा त्यांनी पाकिटात घालून माझ्या शर्टाच्या खिशात ठेवला. अंबरनाथपर्यंत मी खिशावरचा हात काढला नाही. डब्यातला बर्फ रिक्षावाल्याने पाण्याच्या बाटलीत भरून घेतला. एवढा तरी त्याचा उपयोग झाला.

रिपोर्टला बारा दिवस लागले. त्या दिवसांत दाजीसुद्धा कमी बोलले.

"हर-टू नाही," डॉक्टर म्हणाले. "केमोची गरज नाही. रोज एक गोळी, पाच वर्षं."

दाजी घसा खाकरून दोन शब्दांच्या तयारीत होते. ताईने त्यांना हातानेच थांबवलं, वेणी पाठीवर टाकली आणि माझ्याकडे बघत डॉक्टरांना विचारलं,

"गोळ्या बर्फात ठेवायच्या का हो? डबा आहे आमच्याकडे."