भरतीचं पाणी मागून येतं

प्रवरासंगमच्या बन्सीला पाण्याचं भय कधी वाटलंच नव्हतं. घर भोयांचं. बाप गेल्यावर तो आणि धाकटा कानिफनाथ धरणाच्या फुगवट्यात जाळी टाकायचे, आई भागूबाई पाटीतले मासे नेवाशाच्या बाजारात विकायची. त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात फुगवटा आटला, मासा मिळेना. तेव्हा दोघं भाऊ श्रीमंत नावाच्या मुकादमाच्या टोळीबरोबर कोकणात गेले. रत्नागिरीच्या बाजूला एका खाडीवर रेल्वेच्या पुलाचं काम चाललं होतं. सुट्टी असली की दोघं खाडीच्या तोंडाशी गळ टाकून बसायचे.

तिथल्या एका म्हाताऱ्या खारव्यानं, समुद्रावर मासेमारी करणाऱ्यानं, त्यांना समुद्राचे धडे दिले होते. इथं गांडूळ नको, कोळंबी लाव. शिसं जड बांध, नाहीतर ओढ गळ घेऊन जाते. शेंगटी लागली तर हातानं धरू नकोस, तिचा काटा विषारी. आणि पाणी वळलं, भरती लागली, की लगेच माघारी फिर. बन्सीनं मान डोलावली होती, पण मनात हसलाच होता. गोदावरीच्या पुरात पोहणाऱ्याला पाणी काय शिकवायचं?

ती अमावास्या होती. ओहोटीनं पार आतले खडक उघडे पडले होते. खडक आणि किनारा यांच्या मधल्या घळीत घोटाभर पाणी. ती ओलांडून कानिफनाथ टोकाच्या खडकावर जाऊन बसला, तोंड समुद्राकडं करून. बन्सी किनाऱ्यावरच थांबला. पाणी वळलं आणि त्याबरोबर मासा आत आला. एकामागून एक गळ ओढला जाऊ लागला.

"कानिफ, ये आता!"

"थांब की दादा! आत्ता कुठं लागाया लागलेत!"

बन्सीलाही ते पटलं. समोर लाट मोठी नव्हती, म्हणून दोघांनाही घोर वाटला नाही. मागची घळ मात्र गुपचूप भरत होती. कानिफनाथ उठला तेव्हा तिच्यात पुरुषभर पाणी होतं. तो हसला, आणि त्यानं उडी घेतली.

नदीची ओढ एका दिशेला असते. घळीतल्या पाण्यानं त्याला आधी आत नेलं, मग खडकावर आपटलं. बन्सीही उतरला. खडकावरच्या कालवांनी, त्या धारदार शिंपल्यांनी, त्याची छाती सोलून निघाली, पण भाऊ हाती लागला नाही. दुसऱ्या दिवशी खाडीतल्या तिवरांच्या झाडीत तो सापडला. टोळीनं तिथंच अग्नी दिला.

बन्सी राख घेऊन घरी आला. संगमावर राख सोडली आणि त्यानंतर त्यानं जाळ्याला हात लावला नाही. पाऊस होऊन फुगवटा भरला, तेव्हा भागूबाईच पहाटे तराफा ढकलायची. महिनाभरानं एक दिवस जेवताना ती म्हणाली, "ते पानी कसं चढतं, मला सांग."

त्यानं सांगितलं. घळ, अमावास्या, खडकाला चिकटलेली कालवं, सगळं.

"मंजी कालवं हायेत तितवर पानी येतं?"

"व्हय आई. माझ्या डोक्याच्या वर हुती. रोज बघत हुतो."

तिनं ताट बाजूला सारलं. "दिवाळीनंतर श्रीमंत पुन्हा मानसं नेनार हाय. त्यास्नी सांग."

"कोनत्या तोंडानं सांगू?"

"ह्याच."

टोळी निघाली त्या सकाळी तीच त्याला टेम्पोपाशी घेऊन गेली. श्रीमंत खाली बघत उभा राहिला. बन्सी टेम्पोतल्या गड्यांना म्हणाला, "समुद्राकडं तोंड करून बसलात तरी नजर मागं ठिवा. कालवाच्या खाली बसू नका. मासा लागाया लागला की समजा, पानी वळलं, तवाच उठा." टेम्पोत कुणी हसलं नाही. पुलाचं काम संपेपर्यंत दर हंगामाला टोळी निघताना तो हे सांगत राहिला. जाळी मात्र त्यानं पुढच्या पावसाळ्यात हाती घेतली, तीही आई तापानं पडली म्हणून.

सत्त्याण्णवच्या होळीला गोरक्षनाथ नावाचा टोळीतला एक बायकापोरांचा गडी कोकणातून गावी आला तो सरळ भागूबाईच्या दारात. म्हणाला, "मावशी, ऐन मासा लागत हुता. बन्सीचं बोलनं आठवलं, गळ तिथंच टाकून पळालो. घळीत कमरेपोत्तर पानी आलं हुतं."

बन्सी ओट्यावर जाळं विणत होता, त्याचा हात थांबला.

"बस," भागूबाई म्हणाली. "जेवून जा."

आणि तिनं चुलीवर तवा टाकला.