मान खाली, मंग घोट

"आजोबा, तुम्हाला डिस्फेजिया आहे," जालन्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. डिस्फेजिया म्हंजे गिळता न येणं. लकवा हातातून निघून गेल्ता, गळ्यात राह्यला. चहाचा घोट श्वासाच्या वाटेनं छातीत उतरायचा, त्यानंच ताप आल्ता. नाकातून पोटात अन्नाची नळी घातली. तोंड बंद.

मरणाची भीती न्हवती. माझी बायको गया आधीच गेल्ती. पण तिचं वर्षश्राद्ध जवळ आल्तं. त्या दिवशीची पुरणपोळी मला तोंडानं खायची होती.

बाईंनी समजावलं. गळ्यात पुढं श्वासाचा रस्ता, मागं अन्नाचा. गिळताना श्वास थांबतो, घाटी, म्हंजे गळ्यातला कंठमणी, वर उचलली जाते, आवाजाच्या पट्ट्या मिटतात. वरून एपिग्लॉटिस, म्हंजे जिभेच्या मुळाशी असलेलं झाकण, श्वासाच्या वाटेवर पडतं. तरी काही शिरलंच तर खोकला बाहेर फेकतो. माझ्यात हे सगळं सुस्त झाल्तं.

"पाणी पिऊन दाखवा."

मी मान मागं टाकली अन् वरून धार सोडली. आमच्या कुंभार पिंपळगावात असंच पितात, भांड्याला ओठ लावत न्हाईत. असा ठसका लागला की डोळे पांढरे झाले. नळी राह्यली.

"मान मागं गेली की श्वासाची वाट उघडी पडते," बाई म्हणाल्या. "गिलासाला ओठ लावा. हनुवटी छातीकडं. श्वास धरा, गिळा, लगेच खोका, मग श्वास घ्या."

"गिलास उष्टा करू?"

माझी लेक शांता खवळली. "करा की तात्या! घासणारी मी बसलीय न्हवं!"

आधी नुसती थुंकी गिळून शिकलो, मंग दाट पेज. पुन्हा पाणी दिलं. ठसका न्हाई. बाईंनी "आ" म्हणायला लावलं. पाणी अडकलं तर आवाज ओला येतो. माझा खणखणीत निघाला. शेजारच्या खाटेवरचे शेखमियां उठून बसले, "क्या बात है चाचा, पूरा वॉर्ड हिला दिया!"

नळी निघाली. त्या बाईंचे उपकार फिटायचे न्हाईत.

तुमच्या घरी लकव्याचं माणूस असंल तर त्याला आडवं ठेवून पाणी पाजू नका. ठसके लागले तर आधी डॉक्टरला दाखवा.

वर्षश्राद्धाला दुधात कुस्करलेली पोळी पुढं आली. गयाच्या हातची न्हवती, तरी घास तोंडात घेतला. हनुवटी खाली घेतली.

भावकीतला एकजण म्हणाला, "तात्या, रडू नका."

मी हात वर केला. श्वास धरला, गिळलं, खोकलो.

"रडत न्हाई. जेवून राह्यलो. आणखी वाढा."