राखाडी वनराणी

शुक्रवार, ७ नोव्हेंबर १९९७. हवा आता छान पडली आहे. दिवाळीच्या चकल्या आज संपल्या. अमेरिकेहून सुजीतच्या मित्राने पाठवलेली वनराणीच्या सिनेमाची कॅसेट दुपारी सगळ्यांनी मिळून पाहिली. २० तारखेला गच्चीवर बिल्डिंगच्या मुलांची पार्टी, ह्याच सिनेमातले कपडे घालून जायचे आहे. शिवण माझ्याकडे. मशीनला तेल घातले.

शरयूताई कारखानिसांनी वही मिटली आणि चष्मा पुसला. मुलगा, सून, दोन नातवंडं असं त्यांचं बिऱ्हाड आखातातल्या अजमानहून अल मनखूल भागातल्या ह्या बिल्डिंगमध्ये येऊन तीन महिने झाले होते. पण नऊ वर्षांच्या ईश्वरीला अजून कुणी खेळायला हाक मारली नव्हती. रोज संध्याकाळी पोर बाल्कनीच्या गजांना नाक लावून खालचा लपंडाव बघायची. आणि काल बिल्डिंगमधल्या पोरींची म्होरकी, दुसऱ्या मजल्यावरची करेन, स्वतः दारात आली. "यू कॅन कम. बट ड्रेस अप प्रॉपरली, ओके?" तेव्हापासून ईश्वरीचे पाय जमिनीवर नव्हते.

'प्रॉपरली' हा शब्द शरयूताईंनी मनावर घेतला. कॉन्व्हेंटमध्ये शिवण शिकवणाऱ्या सिस्टर आधी कापडाची उलटी बाजू बघायच्या आणि एक टाका वाकडा दिसला की सगळी शिवण उसवायला लावायच्या. ते वळण सत्तरीतही सुटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या टीव्हीसमोर पाट घेऊन बसल्या.

"ईशू, थांबव!"

ईश्वरी पॉजचं बटण दाबायची. पडद्यावर वनराणी एक पाय उचललेल्या अवस्थेत थरथरत उभी राहायची आणि आजी तिची कॉलर कागदावर उतरवून घ्यायच्या.

"आई," सून अनुपमा म्हणाली, "सिनेमा नवा आणि रंग कसे नाहीत हो? सगळं काळं-पांढरं."

"आर्ट असतं ते," ऑफिसचा टाय सोडवत सुजीत म्हणाला. "अमेरिकेत सध्या हीच फॅशन आहे."

सुजीतने सांगितलं म्हणजे खलास. शरयूताई राखाडी कापड शोधायला निघाल्या. झग्याला वेगळी छटा, शेल्याला वेगळी, काठाला त्याहून गडद. कापडवाल्या खैरुद्दीनने ताग्यांचा ढीग लावला आणि शेवटी कपाळाला हात लावला.

"अम्माजी, किसके लिए है?"

"रानी के लिए."

"रानी? उसका सब कुछ लुट गया क्या?"

"आप काटो. सीधा काटना," शरयूताई म्हणाल्या.

पुढचे दिवस घरात मशीनची टकटक चालू राहिली. कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याचा मुकुट झाला. पाच वर्षांच्या निखिलला बाथरूमच्या करड्या पायपुसण्यांचं अस्वल केलं. जादूगार झालेल्या सुजीतच्या दाढीत कापसाचं अख्खं बंडल गेलं.

वीस तारखेला गच्चीचं दार उघडलं आणि पाचहीजण उंबऱ्यातच थिजले. समोर लाल, पोपटी, मोरपिशी, सोनेरी असा नुसता रंगांचा बाजार! पोपटी पंख लावलेली करेन धावत आली.

"व्हाय आर यू ऑल ग्रे? द क्वीन इज रेड!"

पोरं फिदीफिदी हसली. करेनचे वडील जॉन सुजीतकडे बघून मराठीत म्हणाले, "अमेरिकेची कॅसेट का? अरे, तिकडची कॅसेट आपल्या व्हीसीआरवर रंग दाखवत नाही! आमच्याकडे पण हेच झालं, म्हणून आम्ही थिएटरात जाऊन बघितला."

"आर्ट!" अनुपमा नवऱ्याकडे बघून एवढंच म्हणाली. जादूगाराने दाढी डोळ्यांपर्यंत वर ओढली.

ईश्वरीने आजीचा हात ओढला. "आजी, लेट्स गो होम. प्लीज."

शरयूताईंनी तिच्या डोक्यावरचा मुकुट सरळ केला. एवढ्या दिवसांनी आलेली पहिली हाक आपल्याच हातच्या शिवणीने घालवली की काय?

"घरून माझी लाल ओढणी आणून गुंडाळू का हिला?" अनुपमाने विचारलं.

त्यांनी नातीला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. राखाडीवर लाल म्हणजे निव्वळ ठिगळ.

"नको. अर्धवट काम कशाला? पुरतं करू. यल्ला, खाली चला!"

घरात त्यांनी टाल्कम पावडरचा डबा काढला. चेहरा, कान, हात, केस, काही सोडलं नाही. ओठांना काजळ लावलं, भुवया गडद केल्या. निखिलच्या नाकाचा गुलाबी शेंडासुद्धा करडा झाला. आरशात बघून ईश्वरीला खुदकन हसू आलं.

"आता कशी चालशील?"

ईश्वरीने क्षणभर विचार केला. "लाइक द टीव्ही."

पुन्हा गच्चीचं दार उघडलं. राखाडी वनराणी चार पावलं ऐटीत चालली, पाचव्याला पाय उचलून तशीच थांबली आणि थरथरायला लागली, हुबेहूब पॉज केलेल्या कॅसेटसारखी. कुणी हसेना. मग करेन ओरडली, "प्ले!" राणी चालू लागली. "पॉज!" राणी थरथरली, मागे अस्वल थरथरलं, जादूगाराची दाढी थरथरली आणि सगळी गच्ची हसून लोळायला लागली.

"आजी," करेन पंख काढत म्हणाली, "मेक मी ब्लॅक अँड व्हाइट ऑल्सो!"

"माझ्या मागे उभी राहा," राणीने तिला फर्मावलं. "मी नंबर लावते."

खुर्चीवर बसून शरयूताई एकेका पोराची हनुवटी धरत होत्या, कानामागे सुद्धा पावडर लावून मगच सोडत होत्या. ईश्वरीचा आवाज सगळ्यांच्या वर ऐकू येत होता.

घरी आल्यावर त्यांनी हात धुतले आणि वहीत लिहिलं: टाल्कमचा मोठा डबा संपला. उद्या आणणे.