बाभळींखालची कुजबुज

पावसाळ्यात नदी काठावर गाळ सोडून जाते, तसे आमच्या निसर्गमंडळात किस्से साचत गेलेत. मुद्दाम कोणी जमवले नाहीत. दर रविवारी पहाटे येरवड्याच्या बाजूला, नदीकाठच्या बाभळींपाशी भेटायचं आणि पक्षी बघायचे. नियम एकच, बोलायचं ते कुजबुजत.

थंडीत पाण्यावर धुकं असतं. पूल, गाड्या, पलीकडचा काठ, सगळं पुसलेलं. आपण पुण्यात आहोत हे खरंच वाटत नाही.

मग कोणीतरी फिरायला येतं आणि वाटायला लागतं. एकदा एका गृहस्थांनी मोठ्या आवाजात विचारलं, "काय बघताय?"

"पक्षी," लेले काकू म्हणाल्या. काकू निवृत्त शिक्षिका, आमच्यात ज्येष्ठ.

"दिसतात का?"

"आपण येईपर्यंत दिसत होते."

*

आमचा निखिल अमरावतीचा, आयटीत आहे. कोथरूडला खोली घेऊन राहतो. एका रविवारी काठावरच त्याला आईचा फोन आला. "एवढ्या सकाळी कुठं फिरून राहिला?"

"नदीवर, आई. पक्षी बघतोय."

"नोकरी सुटली का रे?"

निखिलने फोन बाभळींवरच्या पक्ष्यांच्या आवाजाकडे धरला. त्याला वाटलं, फोन कटला. तेवढ्यात आवाज आला, "ठेवू नको. चहा मांडते अन् येते."

*

याच बाभळी तोडल्या जाणार, असं मागच्या थंडीत कळलं. तिथे फरशीचा जॉगिंग ट्रॅक होणार होता.

महापालिकेतल्या सुनावणीला आम्ही झाडून सगळे गेलो. काकू बोलायला उभ्या राहिल्या. मुद्दे चोख, पण बाभळींचं नाव निघालं की आवाज आपोआप खाली! मग निखिल उठला, तोही कुजबुजला. मीही तेच केलं.

"अहो, जरा मोठ्याने बोला," सुनावणी घेणारे साहेब म्हणाले.

"सवय नाही हो," काकू कुजबुजल्या.

साहेबांनी चष्मा काढला. "मला एक अक्षर ऐकू आलेलं नाही. कामावर माझी सही व्हायची आहे, त्याआधी रविवारी तिथेच येतो."

*

आणि खरंच आले. काकूंनी त्यांना आपलं घडीचं स्टूल दिलं. कोणी काही समजावलं नाही. रात्रभर मासे टिपून धुक्यातून एकेक रातबगळा परतत होता, फांदीवर उतरत होता, शेजाऱ्याला थोडं सरकवून मान आत घेत होता. थोड्या वेळाने बाभळी पांढुरक्या दिसायला लागल्या. साहेबांच्या हातातला चहा गार झाला.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. कंत्राटदाराचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "साहेब, उद्या मशीन लावतो. जागा रिकामी आहे ना?"

साहेब बाभळींकडेच बघत होते.

"नाही हो. मंडळी आत्ताच रात्रपाळीवरून आलीयेत. झोपू द्या त्यांना."