खिशातला पेन

कादंबरी वाचताना जादूची पानं आली, की आमचे लॅबवाले भाऊ ती सगळी चिमटीत धरायचे आणि एकदम उलटायचे. वर म्हणायचे, "हे सायन्स आहे भाऊ. चेटूक-फेटूक आपल्याले नाई पाहिजे."

भाऊ मूळचे चिमूरचे. एटापल्लीकडच्या आमच्या छोट्या दवाखान्यात ते रक्त तपासायचे, मी औषधं द्यायचो. त्यांच्याकडे एकच जाडजूड कादंबरी होती आणि ती ते पुन्हा पुन्हा वाचत. तिच्यात एक अवकाशयान चेटकिणीच्या राज्यात उतरतं. भाऊंना फक्त यान हवं असायचं. चिवड्यातले शेंगदाणे तेवढे वेचून खाणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

एका उन्हाळ्यात मोहफुलं वेचताना अस्वलानं पाय फोडलेली एक माडिया आजी भरती झाली. जखम भरायच्या आत घरी गेली तर पाय कापावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आजी मात्र रोज घरी जायचं म्हणायची. शेवटी भाऊंनी तिच्या खाटेशी स्टूल ओढला आणि कादंबरी मोठ्यानं वाचायला घेतली. बाजारहाटामुळे तिला मराठी कळायची, बोलायची ती गोंडीच. मीही गोंड घरातला, म्हणून मधे दुभाष्या.

आजी रमली. यानाच्या कप्तानाच्या खिशात एक पेन असतो, त्याच्या उजेडानं बंद दारं उघडतात. पेनचं नाव आलं की आजी हात जोडायची. म्हातारीला विज्ञानाची काय गोडी आहे, म्हणून भाऊ खूश. मी हसू दाबायचो. गोंडीत पेन म्हणजे देव. आजीच्या लेखी कप्तान देवाला खिशात घालून हिंडत होता.

मग एका दुपारी तो पेन विझला. भाऊंनी सवयीनं पानं उलटली आणि पेन पुन्हा उजळला. मधे काय झालं, असं आजीनं विचारलं.

"काई नाई. बॅटरी बदलली असन."

आजी गाठोडं बांधायला लागली. रुसलेल्या देवाची समजूत न काढता जिथं गोष्ट पुढे नेतात, तिथं तिला राहायचं नव्हतं. आता मात्र मला भाऊंना पेनचा अर्थ सांगावा लागला.

त्यांचा चेहरा पडला. गाठोड्याकडे बघत ते म्हणाले, "तिले सांगा, माह्याकडून चुकलं. पानं राह्यली होती."

आणि ती पानं ते आयुष्यात पहिल्यांदा वाचू लागले. चेटकीण विझलेल्या पेनपाशी बसते, त्याची विचारपूस करते, त्याला गाणं म्हणून दाखवते. भाऊ अडखळत वाचत होते. मधेच चष्मा पुसत म्हणाले, "हे तर लय चांगलं आहे." आजीनं गाठोडं उशाशी ठेवलं आणि पाय लांब केला.

ती आपल्या पायांनी घरी गेली. जाताना तिनं पेन मागितला, म्हणजे पुस्तकच. भाऊ जरा घुटमळले, मग देऊन टाकलं.

आता ते निवृत्त होऊन चिमूरला असतात. नवी प्रत घ्यायला तयार नाहीत. मनातल्या मनात वाचतात आणि अडलं की मला फोन करतात. परवा विचारलं, "चेटकीण गाणं म्हणते, त्याच्या पुढं काय होते?"

आजी बाजाराला आली तेव्हा मी तिला विचारलं. ती म्हणाली, मग गावातल्या सगळ्या बाया चेटकिणीशेजारी बसतात आणि पेनसोबत मोहाखाली नाचतात.

पुस्तकात असं काहीही नाही. मी भाऊंना जसंच्या तसं सांगितलं. ते समाधानानं म्हणाले, "बरोबर. हेच आठवून नव्हतं राह्यलं."