टॉर्चकाकांवरचा आळ

आमच्या थिएटरात अंधारात टॉर्च दाखवून लोकांना खुर्चीपर्यंत पोचवणारे टॉर्चकाका पूर्वी खाजगी डिटेक्टिव्ह होते. त्यांची डिटेक्टिव्ह कचेरी बंद पडली, पण काकांची नजर काही निवृत्त झाली नाही. तिकिटाच्या आधी ते माणूस तपासत. घरी दूध लवकर आलं तरी दूधवाला संशयित. त्यामुळे ही नोकरी टिकावी असं त्यांच्याहून काकूंना जास्त वाटे. हा माणूस दिवसभर घरी बसला तर कबुलीजबाब मलाच द्यावा लागेल, असं त्या म्हणत.

आणि नेमका तसलाच सिनेमा लागला. शेजाऱ्याचा खून होतो, आळ येतो एका निवृत्त डिटेक्टिव्हवर, आणि खुनी निघतो गोड हसणारा दातांचा डॉक्टर. सिनेमा बेताचाच. हिरो बूट खाडखाड वाजवत पाठलाग करी, ते बघून काकाच ओशाळत. पण खुनी शेवटपर्यंत कळत नाही, एवढ्यावर तो चालला असता. चालला नाही. मध्यंतरातच लोक चहा पीत "डॉक्टरच आहे" म्हणून मोकळे होत, आणि निम्मे घरी जात.

मालकीणबाईंचा संशय सरळ काकांवर गेला. अंधारात लोकांच्या कानाशी लागणारा माणूस तो एकच.

"काका, तुम्ही बोलला नसाल तर कोण बोललं ते शोधा. नाहीतर टॉर्च ठेवून जा."

पडद्यावरही आळ डिटेक्टिव्हवर आणि पडद्यासमोरही. काकू तडक मालकीणबाईंकडे गेल्या आणि म्हणाल्या, "अहो, हे मला बघायला आले होते, तेव्हा त्यासाठीच आलोत हेसुद्धा चहा संपेपर्यंत यांनी कळू दिलं नव्हतं."

काकांनी तिकीट खिडकीवाल्यावर पाळत ठेवली. खिडकीवाल्याने काकांवर ठेवली. कॅन्टीनवाला दोघांवर नजर ठेवून चहा ओती आणि कपाऐवजी बशी भरे.

शेवटी मालकीणबाई स्वतः मागच्या रांगेत येऊन बसल्या. त्यांचे डोळे काकांवर, काकांचे प्रेक्षकांवर. पडद्यावर पोलीस येऊन गेला, मोलकरीण येऊन गेली. काका भिंतीला टेकलेले. मग दातांचा डॉक्टर हसत आला. काका हलले. चवड्यांवर चालत दाराशी गेले, कडी लावली आणि तिला पाठ लावून उभे राहिले.

हॉलभर लोकांनी एकमेकांना कोपरं मारली. एक आजी सुनेला म्हणाल्या, "बघ, काका दाराशी गेले. डॉक्टरच खुनी."

मालकीणबाई उठून दाराशी आल्या. काकांनी एकदा कडीकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या पायांकडे.

"कचेरीतल्या जुन्या साहेबांनी लावलेली सवय," ते हळूच म्हणाले. "माणूस कळला की आधी दार धरायचं."

गुपित फुटलं होतं, पण तोंडातून एक अक्षर गेलं नव्हतं. काकांनी टॉर्च पुढे केला.

"राहू द्या तो तुमच्याकडेच," मालकीणबाई हसू दाबत म्हणाल्या. "उद्यापासून पडद्यावर जो येईल त्याच्यासाठी दाराशी जायचं."

"ज्याचा खून होतो त्याच्यासाठीही?"

"त्याच्यासाठीही."

आता काका हॉलभर हेलपाटे घालतात, आणि मध्यंतरात चहा निवेपर्यंत वाद रंगतात. मोलकरणीवर बऱ्याच जणांचा संशय आहे. पूर्वी घरी जाणारे निम्मेही आता थांबतात. फक्त डॉक्टर आला की काका कडी लावून ती एकदा ओढून बघतात. तेवढं त्यांना आवरत नाही. त्या आजी पुन्हा सिनेमाला आल्या आहेत, आणि पडदा सोडून त्या कडीकडेच बघतात, असा काकांना दाट संशय आहे.