शेवटच्या भागावरची हळद
हळदीचा वास आला की लोकांना लग्न आठवतं, मला राग येतो, खरंच! नव्वदच्या दशकात आम्ही भाईंदर ईस्टला खारी गावाजवळ राहायचो आणि गावातलाच केबलवाला दादा रोज संध्याकाळी पाचला कॅसेटवरून एक जपानी कार्टून लावायचा. त्यात एक मुलगी हरवलेल्या भावाला शोधत अंतराळात फिरायची. शेवटून दुसऱ्या भागात तो सापडला, पण जळत्या यानात अडकलेला, तिने दार ओढलं आणि भाग संपला! दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंकडे आम्ही आठ जण टीव्हीला नाक लावून बसलो. कार्टूनचं गाणं वाजलं, यान दिसलं आणि एकदम सगळं पिवळं होऊन बेंजोवर नाच सुरू! दादाच्या बहिणीची गेल्या आठवड्यातली हळद! आम्ही धावत त्याच्या घरी. "दादा, आमचा शेवटचा भाग कुठाय?" तो भजी खात म्हणाला, "अरे, हलदीला कोरी कॅसेट न्हवती, मंग तीच घातली. आनि तुमीच तर पुढं पुढं नाचत व्हते, बगा जाऊन!" परत येऊन बघितलं, तर मीच कॅमेऱ्यासमोर उड्या मारतोय, काकू हसून लोटपोट. ती कॅसेट दुसऱ्या कुणाकडेच नव्हती. भाऊ वाचला की मेला, यावर आम्ही महिनाभर भांडलो. काल चुलतभावाच्या हळदीत सगळे मला नाचायला ओढत होते आणि मी खुर्चीला चिकटून विचार करत होतो, अरे पण, तिने ते दार उघडलं का?